फ्लोरिडात मोटरसायकलची वाढीव वॉरंटी: घ्यावी का, आणि घेताना काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही टॅम्पाला राहता आणि हार्ले-डेव्हिडसनची रोड ग्लाइड ही नवी मोटरसायकल घेताय. डीलरच्या फायनान्सच्या खोलीत पाच वर्षांच्या 'एक्स्टेंडेड वॉरंटी'चे २,४०० डॉलर सांगितले आणि 'कर्जातच घालून टाकतो' म्हणाले. दुसऱ्या राज्यातला एक डीलर अशाच योजना फोनवरून स्वस्तात विकतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तुम्ही त्याला फोन केला. फ्लोरिडाचा पत्ता सांगताच त्याने हात वर केले: फ्लोरिडात राहणाऱ्यांना आम्हाला विकता येत नाही. हा काय प्रकार आहे, आणि मुळात ही वॉरंटी घ्यावी का, हे तुम्हाला हवंय.

मी सहा वर्षं अशा योजनांचे क्लेम तपासायचं काम केलं आणि त्यानंतर बरीच वर्षं ऑर्लँडोजवळच्या एका डीलरशिपमध्ये फायनान्सच्या खुर्चीत बसलो. क्लेम नाकारणारी पत्रंही मी लिहिली आहेत आणि योजना विकल्याही आहेत. त्यामुळे सविस्तर लिहितो. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: त्या खोलीत, त्याच दिवशी सही करायची काहीही गरज नाही. हार्लेची कारखान्याची वॉरंटी २४ महिन्यांची आहे आणि तिला मैलांची मर्यादा नाही. अशा बहुतेक योजना ती वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येतात. उशिरा घेतली तर किंमत थोडी वाढू शकते, पण दार बंद होत नाही. 'आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही' असं कुणी म्हणालं तर ते कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्हाला विकताहेत ती कायद्याच्या भाषेत वॉरंटी नाहीच. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याप्रमाणे वॉरंटी म्हणजे वस्तूच्या किमतीतच धरलेलं वचन. वेगळे पैसे मोजून घेतलेलं वचन म्हणजे सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. फ्लोरिडाच्या कायद्यात त्याला मोटर व्हेइकल सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. वॉरंटी कारखान्याची असते आणि तिच्यावर केंद्राचा कायदा चालतो. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टवर मुख्यतः राज्याचं नियंत्रण असतं आणि प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने ते बसवलं आहे. फोनवरच्या त्या डीलरने नकार दिला तो इथूनच.

फ्लोरिडाने हा व्यवहार विम्याच्या कायद्यात घातला आहे. राज्याच्या कायद्याच्या ६३४ व्या प्रकरणाचा पहिला भाग याच विषयाचा आहे. त्याप्रमाणे कॉन्ट्रॅक्ट देणाऱ्या कंपनीकडे फ्लोरिडाच्या ऑफिस ऑफ इन्शुरन्स रेग्युलेशनचा परवाना लागतो. ते विकणाऱ्या माणसालाही परवाना लागतो आणि कंपनीने त्याची रीतसर नेमणूक करावी लागते. कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आणि दर दोन्ही त्या कार्यालयात दाखल करावे लागतात आणि दाखल केलेल्या दरानेच विक्री व्हावी लागते. इतर बहुतेक राज्यांत डीलर आपला नफा हवा तसा ठेवतो, म्हणून एकच योजना एका दुकानात २,४०० ला आणि दुसरीकडे १,५०० ला मिळू शकते. फोनवरून स्वस्तात विकणारे डीलर याच फरकावर धंदा करतात. फ्लोरिडात त्यांच्याकडे परवाना नसतो आणि दरावर सूट द्यायची मोकळीकही नसते. तुमच्या त्या डीलरने सरळ नाही म्हटलं हे चांगलंच केलं. पत्ता बदलून किंवा जॉर्जियातल्या नातेवाइकाच्या नावावर घेऊन देतो असं कुणी सुचवलं तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. क्लेमच्या दिवशी गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना आणि कॉन्ट्रॅक्टवरचा पत्ता हे तिन्ही ताडून पाहिले जातात. मी स्वतः पाहायचो.

दर दाखल केलेला असतो, म्हणून त्या २,४०० वर घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. त्याऐवजी दुसऱ्या डिडक्टिबलची (दुरुस्तीच्या वेळी तुमच्या खिशातून जाणारी ठराविक रक्कम) किंवा कमी मुदतीची योजना विचारा. त्यांचे दर वेगळे असतात आणि तेही दाखल केलेलेच असतात. बोलणी करायची असेल ती गाडीच्या किमतीवर आणि व्याजदरावर करा.

आता या कडक नियमांतून तुम्हाला काय मिळतं ते पाहू, कारण बऱ्याच जणांना फक्त 'सूट मिळत नाही' एवढंच दिसतं. पहिली गोष्ट म्हणजे ६० दिवस. फ्लोरिडात कॉन्ट्रॅक्ट घेतल्यापासून ६० दिवसांत रद्द केलं तर भरलेली सगळी रक्कम परत द्यावी लागते. त्यातून फक्त दिलेले क्लेम वजा होतात आणि फार तर ५ टक्के कामकाजाचा खर्च. तुमच्या २,४०० वर तो जास्तीत जास्त १२० डॉलर. ६० दिवसांनंतर रद्द केलं तर उरलेल्या काळाच्या रकमेचे किमान ९० टक्के मिळतात, त्यातूनही दिलेले क्लेम वजा. समजा दोन वर्षांनी गाडी विकली. ६० महिन्यांपैकी ३६ उरले, म्हणजे १,४४० डॉलर, त्याचे ९० टक्के १,२९६. क्लेम घेतला नसेल तर एवढे पैसे तुमचे. पैसे परत मिळतात हेच माहीत नसल्यामुळे लोक गाडी विकतात आणि कॉन्ट्रॅक्ट तसंच सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एक अर्ज भरला की काम होतं.

कर्ज असेल तर एक खाचखळगा आहे. परतावा बहुतेक वेळा आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो आणि मुद्दलातून वजा होतो. तुमचा मासिक हप्ता तेवढाच राहतो, कर्ज फक्त आधी संपतं. त्यामुळे 'पैसे आले नाहीत' म्हणून घाबरण्याआधी बँकेचं स्टेटमेंट बघा.

दुसरी गोष्ट कंपनीच्या हाताबद्दल. ६० दिवस उलटल्यावर फ्लोरिडात कंपनीला स्वतःहून कॉन्ट्रॅक्ट रद्द करण्याची कारणं मोजकीच आहेत: खोटी माहिती किंवा फसवणूक, कारखान्याने सांगितलेली देखभाल न करणं, ओडोमीटरशी खेळणं किंवा तो बंद पडला तरी दुरुस्त न करणं, आणि पैसे न भरणं. 'तुमचे क्लेम फार झाले' हे कारण त्यात नाही. तिसरी गोष्ट, कॉन्ट्रॅक्ट गाडीच्या पुढच्या किरकोळ (म्हणजे डीलर नसलेल्या) खरेदीदाराच्या नावावर करता यायला हवं आणि त्यासाठी जास्तीत जास्त ४० डॉलर घेता येतात. खाजगी विक्री करताना याचा चांगला उपयोग होतो. दोन वर्षांचं संरक्षण उरलेली गाडी गिऱ्हाइकाला पटकन पटते. मात्र गाडी डीलरला एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर हस्तांतराच्या नादी न लागता कॉन्ट्रॅक्ट रद्द करून पैसे घ्या.

इतर राज्यांत राहणाऱ्या मंडळींसाठी दोन ओळी. टेक्सासमध्ये हा विषय ऑक्युपेशन्स कोडच्या १३०४ व्या प्रकरणात येतो आणि परवाना विमा खात्याऐवजी डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन देतं. कॅलिफोर्नियात नव्या गाडीच्या कॉन्ट्रॅक्टला ६० दिवसांची पूर्ण परताव्याची मुदत आहे आणि रद्द करण्याचा खर्च २५ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या पानांवर राज्यवार अटींचं एक पुरवणी पान असतं. मधल्या पानांवर काहीही लिहिलेलं असलं तरी तुमच्या राज्याच्या परिच्छेदातलं वाक्य वरचढ ठरतं. मी कॉन्ट्रॅक्ट नेहमी मागच्या पानापासून वाचतो.

आता, दिलेलं वचन पाळणार कोण? कागदावर तीन नावं असतात आणि लोकांना ती एकच वाटतात. विकणारा डीलर. क्लेमचा फोन घेणारी, कामकाज पाहणारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कंपनी. आणि पैसे द्यायला कायद्याने बांधलेली ऑब्लिगर कंपनी. तिन्ही एकच असू शकतात, तीन वेगळ्याही असू शकतात. तुमचा करार ऑब्लिगरशी आहे. तिचं नाव शोधा, मग तिच्या मागे कोणती विमा कंपनी उभी आहे ते शोधा. अनेक राज्यांनी ज्यावरून आपले कायदे बेतले त्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नमुना कायद्यात वचनाला आर्थिक आधार देण्याचे तीन मार्ग आहेत. एक, विमा कंपनीची पॉलिसी. दोन, जमा रकमेतून दिलेले क्लेम वजा करून उरलेल्याच्या ४० टक्क्यांचा राखीव निधी आणि शिवाय राज्याकडे अनामत. तीन, कंपनीची स्वतःची १० कोटी डॉलरची निव्वळ मालमत्ता. फ्लोरिडाचे आकडे आणि पद्धत वेगळी आहे, पण विचार तोच: राखीव निधी ठेवा किंवा विमा कंपनीचा आधार आणा.

हे केवळ कागदी नाही. २००३ मध्ये केमन बेटांवर नोंदलेली आणि नेब्रास्कातल्या लिंकनमधून कारभार करणारी नॅशनल वॉरंटी ही कंपनी बुडाली. देशभरच्या डीलरांनी विकलेल्या कॉन्ट्रॅक्टांना तिचा आधार होता. तो गेला तेव्हा गाडी मालकांच्या हातात नुसता कागद राहिला, आणि ज्या डीलरांनी स्वतःच्या नावावर कॉन्ट्रॅक्ट दिली होती त्यांच्यावर क्लेमचा बोजा पडला. म्हणून कॉन्ट्रॅक्टवर विमा कंपनीचं नाव आणि 'कंपनीने ६० दिवसांत पैसे दिले नाहीत तर थेट विमा कंपनीकडे जाता येईल' अशा अर्थाचं वाक्य दिसलं की मला बरं वाटतं. फ्लोरिडातला परवाना खरा आहे की नाही हे ऑफिस ऑफ इन्शुरन्स रेग्युलेशनच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून पाच मिनिटांत तपासता येतं. गाडी कंपनीच्या स्वतःच्या नावाची योजना असली तरी हे करा, कारण नाव एकाचं आणि ऑब्लिगर दुसरा असं सर्रास असतं.

इथपर्यंत राज्य तुमच्या बाजूने उभं आहे. यापुढे नाही. नियम तुमच्या पैशांची आणि कंपनीच्या ऐपतीची राखण करतो. कोणता पार्ट कव्हर होतो आणि कोणता नाही हे नियम ठरवत नाही. ते कॉन्ट्रॅक्ट ठरवतं आणि ते तुम्हालाच वाचावं लागतं. माझ्या टेबलावर नाकारले गेलेले बहुतेक क्लेम कायद्याला धरूनच नाकारले गेले होते.

योजना दोन प्रकारच्या. एकीत कव्हर होणाऱ्या पार्टची यादी असते: यादीत नाही ते कव्हर नाही. दुसरीत वगळलेल्या पार्टची यादी असते: यादीत नाही ते सगळं कव्हर. मोटरसायकलसाठी दुसरीच घ्या. हल्लीच्या टूरिंग गाडीत महागडी दुरुस्ती इंजिनाइतकीच इलेक्ट्रॉनिक्सची निघते. मोठी स्क्रीन, एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल, हँडलवरचे स्विच, वायरिंग हार्नेस, हे सगळं यादीत लिहायचं राहून जातं. टायर, ब्रेक पॅड, क्लचच्या प्लेटा, बॅटरी, बेल्ट किंवा चेन हे झिजणारे पार्ट जवळजवळ कुठेच कव्हर होत नाहीत, ते गृहीत धरा.

मग 'बिघाड' या शब्दाची व्याख्या शोधा. काही कॉन्ट्रॅक्टांत पार्ट पूर्ण निकामी झाला तरच बिघाड. काहींत कारखान्याने दिलेल्या मर्यादेपलीकडे झिजला तरी बिघाड. हा फरक पैशांत मोठा असतो. एक गृहस्थ फोर्कच्या सीलसाठी आले होते. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओलसरपणा होता, थेंब पडत नव्हता. त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 'पाझर' वगळलेला होता आणि 'गळती' कव्हर होती. मला क्लेम परत पाठवावा लागला. दोन महिन्यांनी थेंब पडू लागला, ते पुन्हा आले आणि तोच क्लेम मंजूर झाला. कागदावर ते बरोबर होतं, पण मधले दोन महिने तो माणूस ते तेल पुढच्या ब्रेकवर जाईल या काळजीने गाडी चालवत होता. अशी अट तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असेल तर ती सही करण्याआधी कळलेली बरी.

सगळ्यात जास्त क्लेम देखभालीच्या पुराव्यावर अडतात. हार्लेची पहिली सर्व्हिस १,००० मैलांवर आणि पुढे दर ५,००० मैलांवर असते. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि तेच लोक विसरतात. हे क्षुल्लक नाही. २०१८ मध्ये हार्लेने एबीएस असलेल्या २००८ ते २०११ च्या काही मॉडेलांची परत बोलावणी (रिकॉल) केली, त्याचं कारणच हे होतं की तेल वेळेवर बदललं नाही तर एबीएसच्या आत साका साठून ब्रेक निकामी होऊ शकत होते. घरी सर्व्हिस करायला हरकत नाही, बहुतेक कॉन्ट्रॅक्ट ते चालवून घेतात. पण पुरावा ठेवा. माझ्याकडे स्टेटरचा (गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या पार्टचा) एक क्लेम आला होता. मालक सगळं घरीच करायचे. त्यांनी तेल आणि फिल्टरच्या पावत्या एका वहीत चिकटवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि काय केलं ते लिहिलं होतं. तो क्लेम मी अर्ध्या तासात मंजूर केला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचा इंजिनातल्या बेअरिंगचा क्लेम होता, त्याहून कितीतरी मोठा. तो माणूस गाडीची काळजी घेणारा होता हे बोलण्यावरून कळत होतं, पण एकही पावती नव्हती. तो क्लेम गेला. त्या पत्रावर सही करताना मला जड गेलं, ते अजून आठवतं. म्हणून फोनवर गाडीच्या नावाचं एक फोल्डर करा आणि प्रत्येक पावतीचा व ओडोमीटरचा फोटो त्यात टाका. पुढे हवाल्याला तेच उपयोगी पडतं.

दुसरी चूक आधी परवानगी न घेण्याची. इंजिन उघडायच्या आधी दुरुस्तीच्या दुकानाने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला फोन करून मंजुरीचा नंबर घ्यावा लागतो. कंपनी कधीकधी आपला माणूस तपासायला पाठवते. दुकानाने उत्साहाने इंजिन आधीच उघडलं तर बिघाडाचं कारण सिद्ध करता येत नाही आणि क्लेम पडतो. इंजिन उघडण्याचा खर्चही विचारून ठेवा: बिघाड कव्हर निघाला तर तो कंपनी देते, नाही निघाला तर तुमच्या अंगावर. वीकेंडला रस्त्यात गाडी बंद पडली तर काय करायचं याची वेगळी अट असते, तीही वाचा. डिडक्टिबल प्रत्येक भेटीला आहे की प्रत्येक दुरुस्तीला, हेही बघा. एकाच भेटीत तीन वेगळ्या गोष्टी दुरुस्त झाल्या तर एक वेळ ५० डॉलर आणि तीन वेळा ५० डॉलर यात फरक आहे.

बदल केलेल्या गाड्यांबद्दल गैरसमज फार आहेत. कारखान्याच्या वॉरंटीपुरतं बोलायचं तर मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे कंपनीला 'आमचेच पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी रद्द' असं सहसा म्हणता येत नाही. २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहिताचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने) याच कारणावरून हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली आणि कंपनीला वॉरंटीतली भाषा बदलावी लागली. पण हा दिलासा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टलाही लागू होतो असं धरून चालू नका. कॉन्ट्रॅक्टमध्ये बदलांची अट वेगळी असते आणि ती कडक असू शकते. सायलेन्सर बदलला तर बहुतेकांना चालतं. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून केला, इंजिनाची क्षमता वाढवली किंवा गाडीची ट्राइक (तीनचाकी) केली, तर काही कॉन्ट्रॅक्ट फक्त त्या भागाचं कव्हर काढतात आणि काही संपूर्ण गाडीचं. तुम्ही पुढे एक्झॉस्ट आणि ट्यूनर घालणार असाल, आणि रोड ग्लाइड घेणारे बरेच जण घालतात, तर तो परिच्छेद बोट ठेवून वाचून घ्या. विक्रेत्याचं तोंडी आश्वासन धरू नका. मी क्लेमच्या टेबलावर असताना 'डीलर म्हणाला होता' हे वाक्य रोज ऐकायचो आणि ते कधीही कामाला आलं नाही.

मुदत कुठून मोजतात? पाच वर्षांची योजना गाडी विकल्याच्या तारखेपासून मोजत असतील तर पहिली दोन वर्षं कारखान्याची वॉरंटी आहेच. म्हणजे २,४०० डॉलर तीन वर्षांसाठी, वर्षाला ८००. हेच पैसे कर्जात घातले आणि समजा १० टक्के व्याजाने ६० महिन्यांत फेडले, तर महिन्याला साधारण ५१ डॉलर आणि एकूण सुमारे ३,०६० होतात, म्हणजे सुमारे ६६० डॉलर नुसतं व्याज. तुलना करताना या रकमेशी करा. घ्यायचीच असेल तर रोख घ्या किंवा दीड वर्षाने, कारखान्याची वॉरंटी संपायच्या आधी घ्या. तोपर्यंत गाडीचा स्वभाव कळलेला असतो आणि वर्षाला किती मैल होतात हेही.

काही गोष्टींसाठी तर पैसे द्यायची गरजच नाही. सुरक्षेच्या कारणाने परत बोलावणी झाली तर गाडी पहिल्यांदा विकल्यापासून १५ वर्षं दुरुस्ती केंद्राच्या कायद्याने फुकट मिळते. तिला कुठलंही कॉन्ट्रॅक्ट लागत नाही. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींना उत्सर्जनाशी संबंधित दोषांसाठी ५ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरची वेगळी केंद्रीय वॉरंटी असते. इंधन आणि धूर यांच्याशी संबंधित काही सेन्सर आणि पार्ट तिच्यात येतात. मालकाच्या पुस्तिकेत ती वेगळ्या पानावर छापलेली असते आणि कुणी ते पान उघडत नाही. विक्रेता जेव्हा 'एक सेन्सर गेला तरी एवढे डॉलर' म्हणतो, तेव्हा तो सेन्सर त्या पानावर आहे का ते पाहून या.

टपालाने येणारी 'तुमची वॉरंटी संपत आली आहे' अशी कार्डं आणि तसले फोन सरळ सोडून द्या. गाडी नोंदवली की ती येऊ लागतात. कारच्या योजना विकणाऱ्या कारशील्डने २०२४ मध्ये फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशनशी १ कोटी डॉलरची तडजोड केली, एवढ्यावरून या बाजाराचा अंदाज येईल.

आता तुमच्यापुरतं. वर्षाला तीन-चार हजार मैल चालवणार असाल, सर्व्हिस वेळेवर करणार असाल आणि तीन वर्षांत गाडी बदलायची सवय असेल, तर मी घेणार नाही. कारखान्याच्या दोन वर्षांनंतर तुमच्याकडे एकच वर्ष उरतं. वर्षाला दहा-बारा हजार मैल होणार असतील, लांबच्या प्रवासाला बाहेरच्या राज्यात जाणार असाल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल, तर मी घेईन. ती वगळलेल्या पार्टच्या यादीची हवी, मोठ्या विमा कंपनीच्या आधाराची हवी, आणि देशातल्या कुठल्याही परवानाधारक दुकानात दुरुस्ती चालेल असं लिहिलेली हवी. याच्या मधलं प्रकरण असेल तर एकच विचारा: उद्या दीड-दोन हजार डॉलरचं बिल आलं तर बचतीतून देता येईल का? येत असेल तर महिन्याला ५० डॉलर वेगळ्या खात्यात टाका. येत नसेल तर कॉन्ट्रॅक्टचा खर्च समजण्यासारखा आहे आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला भोळं समजायचं कारण नाही.

उद्या डीलरकडे जाल तेव्हा त्यांना एवढंच म्हणा: कॉन्ट्रॅक्टची कोरी प्रत, फ्लोरिडाच्या अटींच्या पानासकट, घरी न्यायला द्या. नमुना जाहिरातपत्रक नको, प्रत्यक्ष कॉन्ट्रॅक्ट हवं. ती दिली तर ऑब्लिगरचं नाव, परवाना, बिघाडाची व्याख्या, बदलांची अट आणि मुदतीची सुरुवात हे पाच मुद्दे त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा आणि गाडी योजनेशिवाय घरी आणा. प्रत द्यायला नकार दिला, तर गाडी त्यांच्याकडून घेतली तरी चालेल, कॉन्ट्रॅक्ट मात्र दुसऱ्या परवानाधारक डीलरकडून घ्या. फ्लोरिडात ते गाडी विकणाऱ्याकडूनच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. आणि ही ओळ वाचायच्या आधीच तुम्ही सही केली असेल, तर कॅलेंडरवर आजपासून नव्हे, सहीच्या तारखेपासून ६० दिवस मोजा.